वाचलेले अवधान

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आटोपून अस्नोड्यामार्गे डिचोलीकडे परतणाऱ्या बैलगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना एक दृश्य आठवत असेल. गाडीवान घोंगडीत गुरफटून झोपलेला, कासरा सैल आणि बैल आपल्या चालीने घरची वाट कापत निघालेले. माझ्या बालपणी त्या दृश्यात कोणाला काही गैर वाटत नसे. बैलांवर भरवसा ठेवणे हा शहाणपणाचाच भाग मानला जाई. वाटेत ओहोळ आला की बैल थांबत आणि गाडीवान जागा होई. सारथ्याने काही काळ सारथ्य सोडावे, ही कल्पना आपल्या घराण्यांना अपरिचित नाही, एवढेच सुचवण्यासाठी हा उल्लेख केला.

या आठवणीचे निमित्त माझ्या पुतण्याची नवी मोटार. ती सेडान प्रकारातली. पण तिचा पिंड शर्यतीच्या मोटारीचा. आजकाल अशा गाड्यांना दीडशेच्या आसपास अश्वशक्ती असते आणि सामानाचा कप्पा पाचशे लिटरहून मोठा असतो. १९८३ साली आलेल्या पहिल्या मारुती ८००ला चाळीस अश्वशक्तीही नव्हती आणि तरी तिच्यातून आपण सहकुटुंब आंबोली घाट चढलो. पुतण्या म्हणतो, "काका, चवथीची सगळी माटोळी हिच्यात मावते आणि पत्रादेवीपासून धारगळपर्यंत महामार्गावर ही वाऱ्यासारखी पळते." शर्यतीचा घोडा आणि ओझ्याचा बैल एकाच दावणीला बांधल्याचा हा आनंद आहे आणि तो मला समजतो. शिवाय या गाडीला कॅमेरा आणि रडार आहे. पुढच्या वाहनापासूनचे अंतर ती स्वतः राखते, पट्टा सोडून गाडी सरकू लागली की चाक हलकेच वळवते आणि समोर अडथळा आला तर चालकाच्या आधी ब्रेक लावते.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आम्ही दोडामार्गाहून डिचोलीला परतत होतो. पाऊस नुकताच थांबला होता. पुतण्या एका जमिनीच्या वादाविषयी तावातावाने बोलत होता आणि बोलता बोलता माझ्याकडे पाहत होता. एका वळणानंतर डोक्यावर गवताचा भारा घेतलेला एक वृद्ध गृहस्थ रस्त्याच्या मधोमध आला. गाडीने कर्कश सूचना दिली, पाठोपाठ आम्ही दोघे पुढे फेकले गेलो, पट्ट्यांनी छाती आवळली आणि गाडी थांबली. त्या गृहस्थापासून ती दोन हातांवर होती. त्याने भारा सावरला, एक हात कपाळाशी नेला आणि पुतण्याकडे पाहून कृतज्ञतेने मान लवविली. पुतण्यानेही मान लवविली.

ते नमन कोणाला पोचले? घरी येईपर्यंत या प्रश्नाने मला सोडले नाही. पुतण्याने ब्रेकवर पाय ठेवला नव्हता. आणि त्याहून अवघड कबुली माझी आहे. मी त्या गृहस्थाला पाहिले होते. वळण घेतानाच पाहिले होते. "अरे, पुढे माणूस आहे," एवढे म्हणायला वेळ होता. मी म्हटले नाही, कारण गाडी पाहून घेईल असे मनात कोठेतरी गृहीत धरले होते. चाक माझ्या हातात नव्हते. पण डोळे माझेच होते.

मी पुतण्याला हे सांगितले, तेव्हा त्याने सरळ प्रश्न केला, "काका, जुनी गाडी असती तर तो माणूस वाचला असता का?" या प्रश्नाला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. बहुधा वाचला नसता. म्हणून यंत्र नको असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. चर्चा याच्या पलीकडे सुरू होते.

चालकाला साह्य करणाऱ्या साधनांत एक भेद करावासा वाटतो. बॉश कंपनीने १९७८ साली बाजारात आणलेली एबीएस यंत्रणा चालकाने लावलेला ब्रेक चाकांना जखडू देत नाही. १९९५ साली मोटारींत आलेली ईएसपी यंत्रणा घसरू लागलेल्या गाडीच्या एकेका चाकाला निराळा ब्रेक लावून तिला चालकाला हव्या त्या दिशेला आणते. ही दोन्ही साधने माणसाचा हेतू पुरा करतात. कॅमेरा आणि रडार यांचे काम याहून वेगळे आहे. ती हेतूच्या आधीची गोष्ट, म्हणजे अवधान, आपल्याकडे घेतात.

हेतू पुरा करणारे साधनही निरुपद्रवी असतेच असे नाही. १९८०च्या दशकात जर्मनीतील म्युनिक शहरात एबीएस असलेल्या आणि नसलेल्या टॅक्सींची तुलना झाली. अपघातांच्या संख्येत लक्षणीय अंतर पडले नाही. कारण एबीएस असलेले चालक अधिक बेफिकिरीने गाडी हाकू लागले होते. मिळालेली सुरक्षितता त्यांनी वेगात खर्चून टाकली. उलट ईएसपीमुळे गाडी घसरून होणारे अपघात खरोखर घटले. मला याचे एक कारण असे वाटते की, ती यंत्रणा एरवी चालकाला जाणवतच नाही. जे जाणवत नाही त्यावर माणूस विसंबू शकत नाही. आपल्या देशात एप्रिल २०१९पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, हे इष्टच झाले. परंतु वाचलेली सुरक्षितता कोणाच्या खाती जमा करायची, हे कोणताही कायदा सांगू शकत नाही.

कठोपनिषदात शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. त्या रूपकात रडार कोठे बसेल? माझ्या मते ते सारथ्याच्या जागी बसत नाही. इंद्रियांत एकाची भर पडली, एवढेच. घोडे वाढले म्हणून सारथ्याला निजता येत नाही.

हा प्रश्न महामार्गापेक्षा गावरस्त्यावर अधिक बोचतो. महामार्गावर पट्टे आखलेले असतात, तेथे यंत्र सुखाने काम करते. परंतु अशी मोटार रोजच्या उपयोगाची म्हणून घेतली जाते; म्हणजे तिचे आयुष्य बाजार, शाळा, देऊळ आणि दवाखाना यांच्या वाटांवर जायचे असते. तेथे ना पट्टा, ना पदपथ. रवंथ करणारी म्हैस आणि सायकलवरचे मूल यांचाच तो रस्ता असतो. २०१२ साली खाणी प्रथम बंद होण्यापूर्वी, तेजीच्या वर्षांत, डिचोली आणि साखळीच्या लोकांनी खनिजाच्या ट्रकांच्या रांगा दारातून धावताना पाहिल्या आहेत. घाईत असलेल्या वाहनाशेजारी जगणे म्हणजे काय, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पायी चालणारा माणूस चालकाच्या डोळ्यांत पाहून रस्ता ओलांडतो. त्या नजरेत "मी तुला पाहिले आहे" असे आश्वासन असते. यंत्र थांबते खरे. पण हे आश्वासन देत नाही.

यंत्राची दक्षता आणि आपली दक्षता यांची बेरीज व्हावी, वजाबाकी होऊ नये, एवढेच मला म्हणायचे आहे. यंत्राने वाचविलेले अवधान आपल्या मालकीचे नव्हे. ते रस्त्यावरच्या माणसाचे देणे आहे. ते गप्पांत किंवा वेगात खर्च करणे म्हणजे परक्याच्या ठेवीवर चैन करणे होय.

परवा पुन्हा त्याच रस्त्याने आलो. त्याच वळणावर एक बाई कळशी घेऊन चालली होती. "पुढे माणूस आहे," मी म्हणालो. "पाहिलं, काका," पुतण्या म्हणाला. त्याचा पाय आधीच ब्रेकवर होता. गाडीने सूचना दिली नाही; तिला तशी वेळच आली नाही.