ओझे कोणाचे?

चार दिवस रानात मुक्काम करीत भटकायला सायकल कोणती घ्यावी, हा प्रश्न वरवर दुकानदाराचा दिसतो. आतून तो शुद्ध वेदान्ताचा आहे. टायर दोन इंचांहून रुंद हवेत. हवा थोडी कमी ठेवली की खडीवर हाडे शाबूत राहतात. सांगाडा पोलादी बरा. मोडलाच तर खेड्यातला वेल्डिंगवालाही सांधून देतो. इथवर सोपं आहे हो! मग मन हळूच विचारतं, "पण सामान किती मावेल?"

थॉमस स्टीव्हन्स १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलीवर निघाला, तो जग फिरून आला. त्याचा रेनकोट हाच त्याचा तंबू आणि हेच अंथरूण! आमच्या यादीत स्टोव्ह, उशी आणि लोणच्याची बरणी.

एरवी आपल्या हौशीचं ओझं हमाल वाहतो, पेट्रोल वाहतं, नाहीतर बायको. चढणीवर मात्र सारं भाडं आपल्याच पोटऱ्या भरतात, आणि गरज कोणती नि हौस कोणती हे गुरूविना कळतं. म्हणून आधी काय मागे ठेवायचं ते ठरवावं. त्याला साजेशी सायकल मग सापडते.

बरणी तेवढी राहू द्या. लोणच्यावाचून वेदान्त घशाखाली उतरत नाही.