घराबाहेरचे ताट

विरार ते चर्चगेट हे अंतर 60 किलोमीटरचे. ते रोज दोनदा कापणाऱ्या माणसाला पथ्य सांगणे सोपे नाही. मधुमेह जडलेला आमचा एखादा बांधव डॉक्टरांनी लिहून दिलेला आहार रविवारी घरी निष्ठेने पाळतो आणि सोमवारी फलाटावर वडापाव हाती घेतो. विचारले तर म्हणतो, "फादर, वेळ कुठे आहे?" वेळ नाही, हे खरेच. परंतु उंबरठा ओलांडला की नियम घरी राहिला आणि आपण मोकळे झालो, अशी एक समजूतही आपणा सर्वांच्या मनात दडलेली असते.

ही समजूत फार जुनी असावी. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत रोजच्या भाकरीचे वजनसुद्धा ठरवून दिले आहे. तिचे 51 वे प्रकरण आम्हांस विशेष मार्मिक वाटते. कामानिमित्त बाहेर गेलेला बंधू त्याच दिवशी परतणार असेल, तर कोणी कितीही आग्रह केला तरी मठाधिपतींच्या आज्ञेवाचून त्याने बाहेर जेवू नये, असे तेथे सांगितले आहे. डबा घेऊन निघणारा कारकून या बंधूचाच वारस म्हणावयाचा!

उलटपक्षी, लूकच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात प्रभू शिष्यांना पुढे वाढलेले खाण्यास सांगतो. आमचे भाविक हे वचन लग्नाच्या पंगतीत आवर्जून आठवतात. परंतु घरोघर फिरत बसू नका, हेही त्याच ठिकाणी सांगितले आहे, ते मात्र कोणास आठवत नाही. शिष्याने यजमानाच्या ताटात खोड काढू नये, एवढाच त्या आज्ञेचा रोख आम्हांस दिसतो. तिसऱ्यांदा वाढून घेण्याची मुभा तीत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तर संयमाचे माप या जीवनाची गरज हेच मानले. आणि आजाऱ्याची गरज निरोग्यासारखी नसते.

म्हणून आग्रह करणाऱ्यासही आम्ही निर्दोष मानीत नाही. इन्सुलिन घेणाऱ्या पाहुण्याला दुपारी तीनपर्यंत उपाशी तिष्ठत ठेवले, तर साखर उतरून तो भोवळ येऊन पडू शकतो. नंतर त्यालाच गोडाचा आग्रह करणे हे कसले आतिथ्य? पाहुण्यानेही संकोच सोडून आधीच सांगावे, खिशात चणे व थोडी साखर बाळगावी. (आपली सुकेळी प्रवासात टिकतात खरी, पण मधुमेह्याने त्यांवर भिस्त ठेवू नये.)

राहता राहिला डबा. नवऱ्याचे पथ्य गाडीत टिकते, कारण पहाटे चारला कोणीतरी उठून भाकरी थापते. तीही पुष्कळदा नोकरीस जाते. परतीच्या गाडीत, महिलांच्या डब्यात, मांडीवर पिशवी घेऊन उद्याची भाजी निवडणाऱ्या भगिनी कोणी पाहिल्या नाहीत? त्यांच्यापैकी कितीजणींनी स्वतः दुपारी वेळेवर जेवण घेतले, हे त्यांच्या घरी अजून कोणी विचारलेले नसते.