पारचा पूल आणि पूर्तधर्म

प्रतापगडाच्या पायथ्याशी, पार या गावी, कोयनेवर दगडी कमानींचा एक लहानसा पूल उभा आहे. परंपरा तो शिवकाळातला मानते, आणि ज्या खोऱ्यात १६५९ च्या नोव्हेंबरात अफजलखानाची छावणी पडली होती, त्याच खोऱ्यातली रहदारी तो अद्याप वाहतो आहे. खानाच्या वधाचा पोवाडा झाला, गडावरच्या भवानीला यात्रेकरू जातात. पुलावर मात्र कोणी थांबलाच तर तो पाणी पाहण्यासाठी थांबतो.

अशा बांधकामाचे पुण्य कोणाचे, हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. आपल्या धर्मशास्त्राने यज्ञादी कर्मांना इष्ट म्हटले, आणि विहीर, तलाव, देवालय, अन्नदान, उपवन यांना पूर्त. मुंडकोपनिषदाने तर या दोहोंनाच सर्वश्रेष्ठ समजणाऱ्यांना मूढ ठरविले, कारण त्यांचे स्वर्गफळ भोगून सरते आणि कर्ता पुन्हा खाली येतो. हा आक्षेप खोडणे सोपे नाही. फळावर डोळा ठेवून खोदलेली विहीर हा सौदाच होय. परंतु त्याच धर्मशास्त्राने उत्सर्गाचाही विधी सांगितला आहे, आणि त्याचा विचार पुरेशा गांभीर्याने होत नाही असे मला वाटते: तलाव बांधून झाला, की यजमानाने त्यावरील आपले स्वत्व सोडून तो सर्व भूतांना अर्पण करावयाचा असतो. कमानीचे काम जाणणाऱ्या गवंड्याला हे निराळे समजावून द्यावे लागणार नाही. लाकडी साच्यावर तो पाचरीच्या घडणीचे दगड दोन्ही बाजूंनी रचीत आणतो, माथ्यावरचा शेवटचा दगड बसवितो, तरीही तोवर भार साच्याचाच असतो; साचा काढून घेतल्यावर दगड एकमेकांना रेटून उभे राहतात, तेव्हा कोठे ती कमान होते. उत्सर्गाखेरीज पूर्त हे असेच साच्यावर राहिलेले काम आहे.

हा विधी आपण पाळला काय? पारपासून घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या महाडात, नगरपालिकेने १९२४ सालीच सर्वांना खुले केलेल्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला, पुढे सवर्णांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली, आणि दाव्याचा निकाल मुंबई हायकोर्टातून लागण्यास १९३७ साल उजाडले. धर्माच्या नावाने एवढा खटाटोप करणाऱ्यांपैकी एकालाही उत्सर्गाचा संकल्प आठवला नाही, हे मला त्या कज्ज्यातील सर्वांत अधार्मिक कृत्य वाटते.

तळ्याहून पूल स्वभावतःच उदार, असे म्हणण्याचा येथे मोह होतो. तो आवरला पाहिजे. त्रावणकोरात वायकोमला १९२४ साली सत्याग्रह झाला तो देवळाभोवतालच्या रस्त्यांसाठीच. दगडाला औदार्य नसते, ते सोडणाऱ्याच्या ठायी असावे लागते. आणि पारच्या पुलावर आज कोणाचीच सनद चालत नाही, म्हणून त्याचे पूर्त मी निर्दोष मानतो. वाचकांकडे जीर्णोद्धाराची वर्गणी मागावयास कोणी आले, तर त्यांनी ती खुशाल द्यावी. मात्र काम पुरे झाल्यावर त्यावरील आपला हक्क कोण, केव्हा आणि कोणासमक्ष सोडणार आहे, हे आधी विचारून घ्यावे.