कोणत्या गावचे?

मागे एकदा नाताळच्या कार्यक्रमाचा वृत्तान्त लिहिताना आम्ही या पत्रिकेत एक वाक्य घातले होते. गावातील कुटुंबांबरोबर काही बाहेरगावचे भाविकही हजर होते, अशा अर्थाचे. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर एक बाई पत्रिका हातात घेऊनच आल्या. रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, "बाहेरगावचे म्हणजे आम्हीच ना? २१ वर्षे झाली आम्हाला इथे. अजून किती राहावे लागते?"

आम्ही म्हणालो, छापताना चूक झाली. ते खरे नव्हते. छापणाऱ्याने आम्ही दिले तेच छापले होते. लिहिताना आमच्याच मनात दोन रांगा होत्या, आणि त्या बाईंना आम्ही दुसऱ्या रांगेत उभे केले होते.

मराठीत एक मजेची गोष्ट आहे. बाप्तिस्म्याला आपण मुलाचे नाव ठेवतो, आणि माणसाची पाठ वळली की त्याला नावे ठेवतो. फरक एका मात्रेचा. पहिल्या प्रकारात माणूस आपल्यात येतो, दुसऱ्यात तो बाहेर जातो. गावातला आणि बाहेरचा यांच्यासाठी माणसांनी जितके शब्द तयार केले आहेत, ते बहुतेक सगळे दुसऱ्या प्रकारातले.

'घाटी' हाच शब्द घ्या. मूळ अर्थ साधा आहे: घाटावरून आलेला. मुंबईत आणि कोकणात सह्याद्रीपलीकडच्या माणसाला तो लागला. पुढे मुंबईतल्या काही गुजराती व पारशी घरांत 'घाटी' म्हणजे घरगडी असाच अर्थ झाला, आणि कोकणातून आलेल्या गड्याचे नाव काहीही असले तरी तो 'रामा' झाला. गोव्यात तोच शब्द 'घांटी' म्हणून ऐकू येतो, आणि त्याच्या जोडीला 'भायले' आहेच, म्हणजे बाहेरचे. आता आपला दोंडाईच्याचा मुलगा मुंबईला नोकरीला गेला की तोही घाटी ठरतो. खरे पाहता आपण तापीच्या खोऱ्यात राहतो. अजिंठ्याच्या डोंगरावरच्या माणसाच्या लेखी आपण घाटाखालचे. म्हणजे घाट तिथेच असतो, आणि घाटी कोण हे बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते.

इंग्रजी बोलणाऱ्या मुलुखांतही हेच. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात उन्हाळी सुटीला येणाऱ्यांना 'एमेट' म्हणतात. तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ मुंगी. आयर्लंडमध्ये गावात नव्याने राहायला आलेला 'ब्लो-इन', वाऱ्याने उडून आलेला. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर 'कम फ्रॉम अवे', दुरून आलेला. विद्यापीठाच्या गावांत उलटे घडले. तिथे बाहेरून शिकायला आलेले स्वतःला शहाणे समजू लागले आणि मूळ गावकऱ्यांनाच 'टाऊनी' म्हणून हिणवू लागले. या भांडणाला फार जुनी परंपरा आहे. ऑक्सफर्डला १० फेब्रुवारी १३५५ रोजी एका दारूच्या गुत्त्यात मद्य वाईट दिले म्हणून दोन विद्यार्थ्यांनी वाद घातला, आणि त्यातून गाव विरुद्ध विद्यापीठ अशी दंगल पेटली. ६३ विद्यार्थी व अध्यापक मारले गेले असे परंपरेने सांगतात. गावचेही सुमारे तीस. प्रायश्चित्त म्हणून गावच्या महापौराने दर वर्षी मृतांसाठीच्या उपासनेला हजर राहायचे आणि माणशी एक पेनी द्यायची, असे ठरले. ही प्रथा १८२५ पर्यंत चालली. वाईट मद्याची किंमत पावणेपाचशे वर्षे फेडली गेली!

आपल्या घरचेही उदाहरण आहे. मुंबई, साष्टी, वसईकडचे मूळ मराठी बोलणारे कॅथलिक. गोव्याहून आणि मंगळूरहून कॅथलिक लोक नोकऱ्यांसाठी मुंबईत येऊ लागले, आणि इंग्रजांच्या दप्तरात सगळेच 'पोर्तुगीज ख्रिस्ती' म्हणून एकत्र मोजले जाऊ लागले. तेव्हा १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, मूळच्यांनी आपले वेगळे नाव घेतले: ईस्ट इंडियन. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत शेती आणि मासेमारी केलेल्या लोकांना 'आम्ही इथलेच' हे सांगायला सातासमुद्रापलीकडच्या कंपनीचे नाव उसने घ्यावे लागले. आम्ही त्यांना हसत नाही. पोटाचा प्रश्न होता. पण 'इथला' हा शब्द किती निसरडा आहे, ते यावरून कळते.

कोणी म्हणेल, एवढे मनाला लावून घ्यायचे कशाला? चेष्टेत चालते. काही अंशी आम्हालाही ते पटते. सुरतेला उधना, लिंबायतला आपली हजारो खान्देशी माणसे आहेत. ती एकमेकांना 'गाववाला' म्हणून हाक मारतात, तेव्हा त्या हाकेत माया असते. दोन मित्र समोरासमोर बसून एकमेकांना घाटी आणि कोकण्या म्हणत असतील तर दोघांच्याही हातात परतफेड आहे. तो खेळ आहे. शिवाय शब्द अंगावर पडलेला माणूस कधी कधी तोच उचलतो. लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मचरित्राचे नावच 'उपरा' ठेवले. अंत्युखियात लोकांनी प्रभूच्या शिष्यांना 'ख्रिस्ती' म्हटले, तेही इतरांनी दिलेलेच नाव होते. आज आपण ते अभिमानाने लावतो.

पण जिथे परतफेड करता येत नाही तिथे काय? ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादम किती माणसे आली असे विचारत नाही, किती कोयते आले असे विचारतो. सातपुड्याच्या बाजूने उतरून गुजरातेत तोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हा शब्द सवयीचा झाला आहे. आणि ज्या भिल्ल बांधवांना या मुलुखातले फार जुने रहिवासी मानतात, त्यांच्याकडेच बाजारात परक्यासारखे पाहिले जाते. हे आपण रोज पाहतो, म्हणून आपल्याला दिसत नाही.

आणि मग राईनपाडा. आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे पोचले होते. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून त्या दिवसांत पसरली होती. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि पाचही जणांना ठार मारले.

त्या बातमीनंतर आपल्यापैकी अनेकांनी हळहळ व्यक्त केली, आणि 'आपल्याकडे असे होणार नाही' असेही म्हटले. आम्हीही म्हटले. पण जरा मागे जाऊन पाहू. खान्देशात अनोळखी माणूस भेटला की आपली जुनी रीत काय? त्याला बसवायचे, पाणी द्यायचे आणि विचारायचे, "कोन्ता गावना भाऊ?" हा प्रश्न विचारला की समोरच्याला तोंड उघडावे लागते. तो गाव सांगतो, मग त्या गावातली सोयरीक निघते, निदान तिथल्या पावसापाण्याचे बोलणे तरी होते. राईनपाड्याच्या त्या जमावाला हा प्रश्न विचारायची गरजच वाटली नाही. उत्तर आधीच तयार होते: बाहेरचे. पोरे पळवणारे. आम्हाला वाटते, अशा शब्दांचे खरे काम हेच आहे. ते आपले विचारणे वाचवतात. म्हणून शब्द शिवीसारखा असो की आमच्या 'बाहेरगावचे'सारखा सभ्य, त्याने फार फरक पडत नाही. आम्हीही त्या बाईंना विचारले नव्हते.

प्रभूच्या दुःखसहनाच्या रात्री अंगणातल्या लोकांनी पेत्राला ओळखले ते त्याच्या बोलण्यावरून. गालीलची बोली लपली नाही. पुण्याच्या वसतिगृहात तोंडातून 'शे' निघाले आणि खोलीभर हशा पिकला, की आपली मुले अहिराणी गिळून टाकतात. पेत्राची ती भीती त्यांना समजावून सांगावी लागणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पॅरिश या शब्दाला आपण मराठीत 'धर्मग्राम' म्हणतो. त्यात ग्राम आहे, म्हणजे वेस आली, गावकरी आले. पण इंग्रजी शब्दाचे मूळ ग्रीक 'पारोइकिया'. 'पारोइकोस' म्हणजे ज्याला त्या नगरीत नागरिकाचा हक्क नाही, जो नुसता शेजारी मुक्कामाला आहे. पहिले ख्रिस्ती लोक आपल्या मंडळीला हे नाव देत, कारण ते स्वतःला या जगात परदेशी समजत. त्या हिशेबाने धर्मग्राम म्हणजे बाहेरगावच्यांचा मुक्काम. आमच्या वृत्तान्तातले ते वाक्य त्या बाईंनाच नव्हे, यादीतल्या सर्वांनाच लागू होते.

पुढे आम्ही दोघे-तिघे त्यांच्या घरी गेलो. २१ वर्षांत पहिल्यांदाच. माहेर कोणते, गाव कोणते, हे विचारले. त्यांनी सांगितलेले गाव शहादा तालुक्यातले निघाले. एसटीने तास-दीड तासाची वाट. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत ते आपल्याच धुळे जिल्ह्यात होते. बाई हसल्या, चहा ठेवला आणि आत जाता जाता त्यांनी विचारले, "आणि तुम्ही कोणत्या गावचे?"

आमच्यापैकी एकाचे आजोबा नगरकडून आलेले. दुसऱ्याला सांगताच येईना. तो म्हणाला, घरी विचारून सांगतो.