पाचवं कारण

शिरोलीच्या फौंड्रीत मी मेथड्स बघतो. साचा बनायच्या आधी ओतकाम कॉम्प्युटरवर करून पाहायचं. ओतताना साच्यातल्या वाळूच्या कोअरमधलं बाइंडर जळून वायू होतो. त्याचा दाब वरच्या धातूच्या रसाच्या दाबापेक्षा चढला की बुडबुडा आत शिरतो आणि मशीनिंगला ब्लो होल उघडं पडतं. पडद्यावर तो दाब आधीच दिसतो, मग तिथे वायू बाहेर पडायला व्हेंट वाढवायचा.

आमचे जुने मोल्डर आबा म्हणतात, "साहेब, नशिबात आसंल ते चुकत न्हाई." (हेच आबा खंडेनवमीला कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावतात. हत्यारच ते!)

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, चेष्टा आणि पाचवं दैव. हा क्रम मला पटतो. व्हेंट न ठेवता दैवाला बोल लावणं म्हणजे पहिली चार कारणं गिळून टाकणं. पण आबांचं सगळंच खोटं नाही. सिम्युलेशनमध्ये वाळूचा ओलावा मीच भरतो, साडेतीन टक्के. जुलैतली वाळू माझं ऐकत नाही. तरी त्याला मी दैव म्हणणार नाही, ओलावा मोजता येतो. मोजून, सगळं नीट करूनही एखादा नग जातो, तेवढंच दैव मला मान्य. तोही नग मी कापून बघतोच.