वहाणेचे नाव

वस्तूची चोरी झाली तर ती घरातून नाहीशी होते. रूपाची चोरी झाली तर घरातले काहीच जात नाही. मग गेले ते काय? जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन पेढीने मिलान येथे पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन मांडले. त्यात हुबेहूब कोल्हापुरी वाटाव्यात अशा वहाणा होत्या. कोल्हापूरचा उल्लेख मात्र नव्हता. तेव्हा आपल्याकडे जो संताप उसळला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

परक्या बाजारपेठेत शिरणे हा काही अपराध नव्हे. स्पेनचेच उदाहरण घ्यावे. बास्क किनाऱ्यावरच्या लहानशा गावी जन्मलेला क्रिस्तोबाल बालेन्सियागा यादवी युद्धाच्या काळात, १९३७ साली, पॅरिसला आला. कसबाबरोबर त्याने आपले नावही तेथे नेले. १९७५ साली ला कोरुन्या शहरात निघालेले ‘झारा’ हे दुकान २०१० मध्ये टाटांच्या भागीदारीत भारतात आले, तेही नावानिशीच. त्याच पेढीने २०१८ साली विकावयास काढलेल्या चौकड्यांच्या एका घागऱ्यात आशियातील अनेकांना आपली लुंगी ओळखू आली. लुंगीला मात्र तेथे नाव नव्हते. बलवानाचा माल नावासह प्रवास करतो, दुर्बळाचा नावावाचून. या व्यापारातला खरा भेद तो हाच.

यावर कोणी म्हणेल की, रूपावर मालकी कसली? कारागीर तरी बापाचे पाहूनच शिकला ना? हे खरे आहे. परंतु पाहून शिकणारा मुलगा एक ऋण डोक्यावर घेत असतो. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे कसे कमवावे, खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने तळ कसा शिवावा, कान आणि अंगठा कोठे बसवावा, हे तो घेतो आणि पुढच्या पिढीला देऊन फेडतो. आपल्या परंपरेने ऋषिऋण मानले ते याच अर्थाने. अनुकरण हा दोष नव्हे. ऋण नाकारणे हा दोष होय.

परंतु मिलानकडे दाखविलेले बोट आमच्या सीमाभागात आले की थोडे थरथरते. कोल्हापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी वहाणा अथणी आणि निपाणीच्या परिसरात शिवल्या जातात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि हा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. कातड्याला आणि टाक्याला मात्र ती रेषा कधी उमगली नाही. २०१९ साली या वहाणेस भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा महाराष्ट्रातील चार आणि बेळगावसह कर्नाटकातील चार जिल्हे एकत्र धरावे लागले. मराठीतली ‘वहाण’ कोंकणीत ‘व्हाण’ होते. भाषांनाही जे सहज साधले, ते शासनांना एका चपलेने करावयास लावले.

तरीही या आठ जिल्ह्यांच्या नावाआड ज्याच्या बोटांना आरीचे घट्टे पडले आहेत, त्याचे नाव कोणते? मी स्वतः कित्येक वर्षे या वहाणा वापरल्या, बाजारात दहा-वीस रुपयांसाठी घासाघीसही केली. पण शिवणाऱ्याचे नाव एकदाही विचारले नाही. ज्या समाजाने चामड्याला हात लावणाऱ्यास शतकानुशतके गावाबाहेर ठेवले, त्याच समाजाने आज त्याच्या वतीने अपमानित व्हावे, यात थोडा दंभ आहे, हे कबूल केले पाहिजे.

याच भाषाप्रदेशाने बाराव्या शतकातील हरळय्याची कथा जपली आहे. त्याने व त्याच्या पत्नीने आपल्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा करून बसवण्णांना दिल्या; बसवण्णा त्या पायांत घालण्यास धजले नाहीत, असे परंपरा सांगते. कथेचा शब्दार्थ बाजूस ठेवू. बसवण्णांना वहाणेत माणूस दिसला, एवढे तिचे मर्म पुरे आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. येथील कारागिरांकडून दोन हजार जोड करवून घेण्याचे जाहीर झाले. जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. ऋण मान्य झाले, हे चांगलेच झाले. पण दोन हजार जोड संपतील आणि कारागिराला पुन्हा आमच्याच बाजारात बसावे लागेल. तेथे त्याच्या दिवसाला आम्ही कोणते मोल देणार? त्याच्या मुलाने हा धंदा धरला तर तो अभिमानाने आणि सोडला तर तो स्वेच्छेने, अशी स्थिती आम्ही आणणार की नाही?

रूप नेल्याने जे जाते ते करणाऱ्याचे नाव. ते परत मिळवून देण्याचे काम मिलानपासून सुरू झाले असेल. पण ते पुरे व्हावयाचे असेल तर बेळगावच्या बाजारात वहाण हाती घेताना आधी किंमत न विचारता, ‘ही कोणी शिवली?’ असे आपणच विचारले पाहिजे.