शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात

काही महिन्यांपूर्वी एका वाचकबंधूंचे पत्र आले. बंधू मूळचे नगर जिल्ह्यातले. नोकरीनिमित्त सहकुटुंब झाशी जिल्ह्यातील टहरौली या तहसिलीच्या गावी राहतात. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याचे चार मित्र यांनी मोबाईलवर बारा मिनिटांचा एक चित्रपट केला. एका जगप्रसिद्ध परदेशी चित्रपटमालिकेतील वीरपुरुष टहरौलीच्या जुन्या किल्ल्यापाशी उतरतो. गावात पाण्याची टंचाई आहे, हातपंप कोरडा आहे. डोंगर हलवणाऱ्या या वीराला पाणी काही काढता येत नाही. अखेर तो बायकांच्या रांगेत उभा राहतो आणि घागर डोक्यावर घेतो. पोशाख आईच्या जुन्या साडीतून शिवलेला. पार्श्वसंगीत आणि मारामारीची काही दृश्ये मात्र मूळ चित्रपटातून जशीच्या तशी उचललेली. मुलांनी हा चित्रपट इंटरनेटवर ठेवला आणि चौथ्या दिवशी मूळ कंपनीच्या तक्रारीवरून तो काढून टाकण्यात आला. मुलगा दोन दिवस जेवला नाही. वडिलांनी मला विचारले, माझ्या मुलाने चोरी केली काय? केली असेल तर मी त्याला तसे सांगितले पाहिजे. केली नसेल, तर त्याचे सांत्वन कसे करू?

हा प्रश्न पोराटोरांचा म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही. पित्याने तो योग्य क्रमाने विचारला आहे. आधी सत्य, मग सांत्वन. आपण बहुतेक जण उलट करतो.

कायद्याचे उत्तर थोडक्यात देता येते. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो. १९७५ चा 'शोले' २०३५ सालच्या अखेरपर्यंत हक्कदारांचाच आहे. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात काही मोकळीकही आहे. हौशी मंडळींनी तिकीट न लावता किंवा धर्मसंस्थेच्या मदतीसाठी नाट्यप्रयोग केला, तर तो हक्कभंग ठरत नाही. आपल्या नाताळच्या नाटकांना या कलमाचा आधार आहे, हे किती मंडळ्यांना ठाऊक असेल देव जाणे! परंतु ही सवलत रंगमंचावरील प्रयोगाला आहे. दुसऱ्याच्या चित्रपटातील दृश्ये कापून आपल्या चित्रपटाला जोडण्याला नाही. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने मुलांचे चुकले. एवढ्यावर थांबता आले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

आपल्या महाराष्ट्रातलीच एक हकीकत पाहा. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. तेथे व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' नावाचा चित्रपट केला. त्यात गावचीच कष्टकरी माणसे नट झाली. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. मूळ चित्रपटातले डाकू घोड्यांवरून येतात, येथले सायकलींवरून. गावाने हा चित्रपट डोक्यावर घेतला. पुढे नासिरभाईंनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. त्यात सुपरमॅन झालेले शफीक शेख हे किरकोळ अंगाचे यंत्रमाग कामगार. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा राहणारा माणूस हिरव्या पडद्यासमोर आडवा होऊन उडतो आहे, हे दृश्य ज्यांनी फैझा अहमद खान यांच्या २००८ सालच्या माहितीपटात पाहिले असेल, त्यांना ते हसवून गेले असेल आणि नंतर बराच वेळ हसू आले नसेल. शफीक २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने वारले. २०२५ साली रीमा कागती यांच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' या चित्रपटाने ही कथा देशभरच्या चित्रपटगृहांत नेली.

या माणसांनी कोणाचे काय नेले? 'शोले'चे एक तिकीटही त्यांच्यामुळे कमी खपले असेल असे मला वाटत नाही. पण 'मला वाटत नाही' हा काही न्याय नव्हे. ज्याचे आहे त्याला ते वाटायला हवे.

आणि ज्याचे आहे तो कोण? सुपरमॅन ही कल्पना अमेरिकेतील जेरी सिगेल आणि जो शुस्टर या दोन गरीब ज्यू तरुणांची. १९३८ साली त्यांनी तिचे सर्व हक्क १३० डॉलरना प्रकाशकाला विकले. त्या वीरावर इतरांनी अमाप पैसा मिळवला. हे दोघे न्यायालयात गेले आणि हरले. १९७५ साली, दोघेही साठी ओलांडलेले, शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेलेली, तेव्हा कोठे लोकांच्या टीकेपुढे नमून कंपनीने त्यांना वार्षिक मानधन दिले आणि त्यांची नावे पुन्हा छापली. नाबोथाचा मळा अहाबाने बळकावला ती गोष्ट (१ राजे २१) वाचताना आपल्याला राग येतो. येथे मळा बळकावलेला नव्हता. रीतसर सहीनिशी विकत घेतलेला होता. तरीही राग येतोच. पेरणारा एक आणि मालक दुसरा असे जगात फार वेळा घडते, आणि कॉपीराइटच्या नावाने जेव्हा स्टुडिओ दारात उभा राहतो, तेव्हा पेरणारा बहुधा त्याच्याबरोबर नसतो.

म्हणून मालकी खोटी ठरते काय? मला तसे म्हणता येत नाही. पवित्र शास्त्र मालकी मोडीत काढत नाही. ती सैल करते. अनुवादाच्या २३ व्या अध्यायाच्या शेवटी एक लहानसा नियम आहे. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलेल्याने मन तृप्त होईतो द्राक्षे खावीत, पण भांड्यात भरून नेऊ नयेत. उभ्या पिकातून हाताने कणसे खुडावीत, पण विळा लावू नये. मळा शेजाऱ्याचा नाही असे हा नियम म्हणत नाही, आणि खाणाऱ्याला चोरही म्हणत नाही. तो माणसाच्या हातात काय आहे ते पाहतो. रिकामा हात भुकेपुरते घेतो. भांडे आणि विळा उद्याच्या बाजाराचा हिशेब करतात. प्रभूच्या शिष्यांनी शब्बाथ दिवशी कणसे खुडली (मत्तय १२), तेव्हा परूश्यांनी शब्बाथ मोडल्याचा आरोप केला. परक्याचे शेत लुटल्याचा मात्र नाही. त्या चिकित्सक लोकांचे हे मौन मला नेहमी बोलके वाटत आले आहे.

कोणी म्हणेल, द्राक्ष खाल्ले की संपते, कथा कितीही जणांनी घेतली तरी संपत नाही. मग भांड्याची बंदी कशाला? खरे आहे. पण आज मूठभर घेतलेले दाणे इंटरनेटवर एका रात्रीत लाखोंपर्यंत जातात, हेही तितकेच खरे आहे. म्हणून केवळ किती घेतले एवढे विचारून भागत नाही. भूक कसली होती हे विचारावे लागते.

अमेरिकेत २०१५ च्या अखेरीस 'स्टार ट्रेक'च्या मालकीच्या दोन कंपन्या, सीबीएस व पॅरामाउंट, 'ॲक्सनार' नावाचा चित्रपट करू पाहणाऱ्या चाहत्यांविरुद्ध न्यायालयात गेल्या. अशा चाहत्यांचे चित्रपट तोवर वर्षानुवर्षे चालवून घेतले जात होते. पण या मंडळींनी लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमवली होती, व्यावसायिक नट आणि तंत्रज्ञ घेतले होते. जानेवारी २०१७ मध्ये न्यायाधीशांनी त्यांचा 'न्याय्य वापरा'चा बचाव नाकारला आणि त्याच महिन्यात तडजोड झाली. चाहत्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण तेथे भांडे आले होते, आणि ते मोठे होते. आपल्याकडे २००७ साली 'शोले'वरून नवा चित्रपट काढणाऱ्या रामगोपाल वर्मा यांच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली दहा लाख रुपयांची दंडात्मक भरपाई ठरवली. तोही धंद्यासाठी काढलेला चित्रपट होता. सायकलवरच्या डाकूंच्या शेजारी तो ठेवून पाहा, म्हणजे हाताने खुडणे आणि विळा लावणे यांतले अंतर ध्यानात येईल.

नियम मालकालाही आहे, आणि तो अधिक कडक आहे. शेताचे कोनेकोपरे कापू नयेत, सरवा वेचू नये, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावा (लेवीय १९). बवाज तर याहूनही पुढे गेला. त्याने आपल्या गड्यांना मुद्दाम ओंब्या टाकायला सांगितले. 'स्टार ट्रेक'च्या कंपन्यांनी जून २०१६ मध्ये चाहत्यांसाठी नियम जाहीर केले. चित्रपट पंधरा मिनिटांचा, दोन भाग असतील तर तीस मिनिटांचा. वर्गणी ५० हजार डॉलरपर्यंत. नफा नको, कोणाला मेहनताना नको. कोपरा सोडला खरा, पण घड्याळ लावून! तरी मी तो कोपराच म्हणेन. राखणदार केव्हा धावून येईल याची धास्ती बाळगत वेचण्यापेक्षा कुंपणावर लिहिलेली पाटी बरी. आपल्या देशातील किती स्टुडिओंनी अशी पाटी लावली आहे, हे त्यांच्या वकिलांनी नव्हे, मालकांनी स्वतःला विचारावे. आणि चाहत्यांनी हे विसरू नये की सरवा वेचण्याची मुभा नियमशास्त्राने दिलेली असतानाही रूथने आधी विचारले होते.

प्रेमाने दुसऱ्याचे काम पुढे नेणे आपल्या घरात नवे नाही. रेव्ह. नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. टहरौलीच्याच जिल्ह्यातील चिरगावच्या मैथिलीशरण गुप्तांनी 'साकेत'मध्ये रामकथेतील दुर्लक्षित ऊर्मिलेला पुढे आणले. त्यांना कोणाची परवानगी काढावी लागली नाही, कारण ती कथा सर्वांची होती. आजच्या मुलांच्या मनात ज्या कथा लहानपणापासून रुजतात, त्यांतल्या बहुतेकांना मालक आहे. ही त्यांची चूक नव्हे, आणि ही अडचण आपल्या पिढीला नव्हती.

आपल्याविषयी मात्र मला आणखी थोडे बोलले पाहिजे. तरुणपणी मी एका गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर नाताळचे गीत रचले. मंडळीने ते उचलून धरले, छापले, वर्षानुवर्षे गायले. चाल कोणाची हे कोणीही छापले नाही. मीही सुचवले नाही. त्याच पुस्तिकेत एका वृद्ध सेवकाचे गीत होते. त्यांचे नाव आम्हां सर्वांना ठाऊक होते, आणि छापताना तेथे 'पारंपरिक' असे पडले. ते हयात होते. त्यांनी पुस्तिका पाहिली, मिटली आणि खिशात ठेवली. स्टुडिओंच्या हव्यासावर लिहू लागलो की मला ती मिटलेली पुस्तिका दिसते.

टहरौलीच्या पत्राला एक ताजा कलम होता. चित्रपट काढून टाकला जाण्याआधीच गावातल्या दुसऱ्या एका मुलाने तो उतरवून घेतला, आरंभीची नावे कापली आणि 'माझी निर्मिती' म्हणून सर्वांना पाठवला. बंधू लिहितात की, मुलाला कंपनीपेक्षा याचाच राग अधिक आला.

मी पित्याला उत्तर लिहिले. कापून जोडलेली दृश्ये आणि संगीत ही दुसऱ्याच्या शेतात लावलेल्या विळ्याची कापणी होती. तेवढी परत करावी आणि तसे मुलाला स्पष्ट सांगावे. घागर डोक्यावर घेणारा वीर ही मात्र चोरी नव्हे. ती त्याची स्वतःची भूक आहे, आणि ती त्या कंपनीच्या कोठारात कधीच नव्हती. कंपनीला एक पत्र लिहून परवानगी मागावी. उत्तर न आले तर वीराचा पोशाख आणि नाव बदलावे. रागाबद्दल मुलाला दटावू नये, फक्त तो राग कोणकोणाला येऊ शकतो एवढे विचारावे.

गेल्या आठवड्यात बंधूंचे पुन्हा पत्र आले. कंपनीचे उत्तर आलेले नाही. मारामारी काढून टाकली आहे, चित्रपट आता नऊ मिनिटांचा झाला आहे. संगीतासाठी मुलांनी गावातल्या एका ढोलकवाल्या काकांना गाठले. काका म्हणाले, नाव तर घालाच, पण दोनशे रुपये आधी.